वॉकी-टॉकी आणि हॅम रेडिओ: सेट घेण्याआधी हे वाचा

निवृत्तीनंतर हॅम रेडिओचा, म्हणजे परवाना काढून हौसेखातर बिनतारी सेटवरून अनोळखी लोकांशी बोलण्याचा, छंद लावून घ्यायचाय म्हणणारी मंडळी मुंबईत आता बरीच भेटतात. कित्येकांच्या घरी सेट आधीच आलेला असतो. कुणी ऑनलाइन मागवलेला, कुणाला मुलीने साठीला भेट दिलेला. मग विचारतात, "सेट तर आला, आता बोलायचं कुणाशी?"

बहुतेक वेळा तो सेट वॉकी-टॉकीचा असतो. गल्लत होणं अगदी साहजिक आहे. लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स दुकानात काउंटरवर दोन्ही शेजारी ठेवले तर जाणकारालाही हातात घेऊन पाहावं लागतं. तीच काळी पेटी, तीच आखूड अँटेना, डाव्या बाजूला दाबून बोलायचं तेच बटण. फरक कळतो तो आतल्या फ्रिक्वेन्सीवरून आणि वापरणाऱ्याच्या परवान्यावरून.

विनापरवाना वापरता येणाऱ्या वॉकी-टॉकीला आपल्याकडे 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्‌झ एवढीच पट्टी 2018च्या नियमांनी मोकळी केली आहे, आणि शक्ती जास्तीत जास्त अर्धा वॅट. सेटला सरकारची उपकरण-मान्यता हवी. लग्नाच्या हॉलवर, सोसायटीच्या गेटपासून गच्चीपर्यंत, ट्रेकला पुढची-मागची तुकडी जोडायला तो उत्तम. मुंबईच्या इमारतींच्या गर्दीत मात्र किलोमीटर-दोन किलोमीटरच्या पुढे त्याचा भरवसा धरू नये. ज्याच्या हाती दुसरा सेट दिलाय त्याच्याशीच बोलणं होतं, म्हणजे माणूस आधीच ओळखीचा.

हॅमचं सगळं याच्या उलट चालतं. तुम्ही हाक घालता तेव्हा कोण उत्तर देईल हे ठाऊक नसतं. सकाळी 7 मेगाहर्ट्‌झवर बोरिवलीतून हाक घातली तर उत्तर नागपूरहून येईल, केरळातून येईल. संध्याकाळी 14 मेगाहर्ट्‌झ पट्टीवर लांबचे सिग्नल येत असले तर युरोपातूनही येईल. या लहरी जमिनीपासून दोन-तीनशे किलोमीटर वरच्या आयनमंडलावरून वळून खाली येतात. मधे मोबाईलचा टॉवर नाही, इंटरनेट नाही. डिसेंबर 2004मध्ये भारती प्रसाद यांचा हॅम चमू अंदमानात होता. 26 तारखेला त्सुनामी आली, दूरध्वनी बंद पडले, आणि पोर्ट ब्लेअरहून निरोप बाहेर पोचवायला त्यांचे सेट कामी आले. ते निरोप घ्यायला मुख्य भूमीवर कान लावून बसलेले हॅम होते, म्हणून ते पोचले.

एवढी मोकळीक आहे म्हणूनच परवाना लागतो. तो दूरसंचार विभागाची डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखा देते. परीक्षेत दोन भाग: प्राथमिक इलेक्ट्रॉनिक्स आणि नियम. खालच्या, रिस्ट्रिक्टेड ग्रेडच्या परवान्याला एवढंच, कॉलसाइन (हवेत सांगायची तुमची ओळख-खूण) व्हीयू3ने सुरू होते. वरच्या, जनरल ग्रेडला व्हीयू2, त्यासाठी मिनिटाला आठ शब्दांच्या वेगाने मोर्स, म्हणजे टिंब-रेघांचा संकेत, घेता-पाठवता आला पाहिजे. धंद्याचं बोलणं, गाणी वाजवणं, इतरांना कळू नये म्हणून गुप्त भाषेत निरोप देणं यांना बंदी. बोलताना कॉलसाइन सांगायचीच.

इथे एक धोका स्पष्ट सांगतो. बाजारात स्वस्तात मिळणारे चिनी हँडसेट 136पासून 174 आणि 400पासून 480 मेगाहर्ट्‌झपर्यंत सगळीकडे बोलतात, चार-पाच वॅटने. हॅमला त्यातले 144 ते 146 आणि 434 ते 438 मेगाहर्ट्‌झ कामाचे. बाकीच्या जागेत पोलीस, जहाजं, खासगी परवानेधारक असतात. असा सेट वॉकी-टॉकी समजून नातवाच्या हाती दिला तर खेळता खेळता तो कुणाच्या वाहिनीवर बोलेल सांगता येत नाही. ऑनलाइन विक्रेते फ्रिक्वेन्सी आणि परवान्याची माहितीच देत नाहीत म्हणून 2025मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बड्या संकेतस्थळांना नोटिसा काढल्या. पेटीवर 'लायसन्स फ्री' छापलंय एवढ्यावर विसंबू नका, फ्रिक्वेन्सी वाचा.

निवृत्त माणसाने यातलं काय निवडावं, याबद्दल माझं मत पक्कं आहे. नातवंडांबरोबर माथेरानला जाताना हाताशी असावा म्हणून हवा असेल तर मान्यताप्राप्त वॉकी-टॉकीची जोडी घ्या आणि विषय संपवा. छंद हवा असेल तर हॅम, आणि तोही मोर्ससकट. परीक्षेचा धसका घेऊ नका. साठीनंतर मोर्स येत नाही ही समजूत मला कधीच पटली नाही. टिंब-रेघांचा तक्ता भिंतीवर लावून घोकणारे अडकतात, कानाने शिकणारे पुढे जातात. डा-डी-डा-डी, डा-डा-डी-डा. ही 'सीक्यू', म्हणजे 'कुणी आहे का?' अशी सर्वांना घातलेली हाक. आठवडाभर रोज पंधरा मिनिटं ऐकली की ती अक्षरं मोजावी लागत नाहीत, नुसता तिचा ठेका ऐकून ओळखू येते. दोन माणसं मिळून शिकली तर अजून सोपं.

मुंबईत खरी अडचण जागेची आणि खरखरीची. 7 मेगाहर्ट्‌झच्या डायपोलला, म्हणजे तारेच्या साध्या अँटेनाला, साधारण 20 मीटर तार ताणावी लागते, म्हणजे सोसायटीची गच्ची आली आणि कमिटीची लेखी परवानगीही आली. तार बारीक असते, पाण्याच्या टाकीपासून जिन्याच्या खोलीपर्यंत तिरकी बांधली तर कुणाच्या डोळ्यावरही येत नाही, हे कमिटीला नेऊन दाखवा. खरखर येते ती शेजारपाजारच्या एलईडी दिव्यांची, चार्जरची, इन्व्हर्टरची. आधी आपल्याच घरचा मेन स्विच बंद करून बॅटरीवर ऐका. आवाज पडला तर दोषी घरातच आहे, एकेक स्विच लावत शोधा.

आणि सेट शेवटी घ्या. परवाना हाती पडेपर्यंत काही महिने जाऊ शकतात, तेवढ्यात एसएसबी (हॅम मंडळी बोलायला वापरतात ती पद्धत) पकडणाऱ्या शॉर्टवेव्ह रिसिव्हरवर सकाळच्या गप्पा ऐका. कोण कशी हाक घालतो, सिग्नलचा रिपोर्ट कसा देतो, '73', म्हणजे 'शुभेच्छा', म्हणून निरोप कसा घेतो ते कानावर पडू द्या. बोरिवलीला गोराई रोडवर सरकारचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन आहे, परीक्षेची चौकशी तिथे करता येते. जाताना वहीत प्रश्न लिहून न्या.