बिनपंख्याचा कॉम्प्युटर आणि ठाण्याचा मे महिना

रात्री साडेदहानंतर घोडबंदर रोडचा आवाज जरा खाली बसतो, जेवणं झालेली असतात, ओटा आवरलेला असतो आणि मग बाबा त्यांची जुनी रेकॉर्डिंग्ज लावतात, कॅसेटवरून मी कॉम्प्युटरवर घेतलेली. सुरुवातीला दोनेक मिनिटं नुसता तानपुरा. त्या तानपुऱ्याच्या मागे आणखी एक बारीक सूर सतत यायचा, तो मला कधी वेगळा ऐकूच आला नव्हता. बाबांनी एक दिवस पेटी काढली, भाता मारत एकेक पट्टी दाबून बघितली आणि म्हणाले, "अगं, हा वरचा सा आहे बघ, पांढरी एकचा. किंचित चढा आहे." तो सूर कॉम्प्युटरच्या पंख्याचा होता.

मग मी हिशोब केला. सॉफ्टवेअरमध्ये पंख्याचा वेग मिनिटाला ४५०० फेरे दिसत होता म्हणजे सेकंदाला ७५, झाकण उघडून पाती मोजली तर सात निघाली. प्रत्येक पातं ठरावीक जागेवरून जाताना हवेला एक धक्का देतं, म्हणजे सेकंदाला ७५ गुणिले ७, झाले ५२५ धक्के. पांढरी एकचा तार षड्ज, म्हणजे वरचा सा, सेकंदाला ५२३ कंपनांच्या आसपास असतो! बाबांचा कान बरोबर होता, "किंचित चढा" हे सुद्धा. आणि रेकॉर्डिंग होतं काळी एकमधल्या मालकंसाचं, काळी एकला सा धरला तर हा सूर होतो शुद्ध निषाद, आणि मालकंस रागात निषाद लागतो कोमल, म्हणजे हा सूर त्यात बसतच नाही. त्यात चिप तापली की पंखा जोरात फिरणार आणि सूर आणखी वर सरकणार, मग ज्याला कान आहे त्याला गाणं ऐकताना त्रास होणारच.

यावर लोक मला म्हणतात की डोक्यावर सीलिंग फॅन गरगरतोय तिथे त्या छोट्या पंख्याचं काय घेऊन बसलीस. पण फरक आहे, आणि मोठा आहे. सीलिंग फॅन मिनिटाला समजा ३५० फेरे घेतो आणि पाती तीन, म्हणजे सेकंदाला साधारण साडेसतरा धक्के. माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून, म्हणजे सेकंदाला २० धक्क्यांपासून, पुढचं ऐकतो, त्यामुळे सीलिंग फॅनचा "सूर" आपल्याला ऐकूच येत नाही, येते ती फक्त हवेची सळसळ, आणि ती सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते. असा पसरट आवाज मन थोड्या वेळात मागे टाकतं. एकाच पट्टीतला बारीक सूर तसा मागे जात नाही.

शिवाय डेसिबलचं गणित बघा. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते, कानाला मात्र तो साधारण दुप्पट मोठा वाटतो. शांत बेडरूम रात्री २५ ते ३० डेसिबलच्या आसपास असते. तुम्ही तान ७० डेसिबलला ऐकत असाल तर तानपुऱ्याच्या तारेचा विरत जाणारा शेवट बघता बघता तिशीत येतो, आणि पंखा नेमका तिथेच बसलेला असतो. तान चालू असताना तो ऐकू येत नाही, पण गवई थांबला आणि समेच्या आधी अर्धा क्षण मोकळा सोडला की तेवढ्यात येतो, आणि खरं सांगायचं तर ती मोकळी जागाच ऐकायला आपण बसलेलो असतो.

म्हणून बिनपंख्याचा कॉम्प्युटर घ्यायचं ठरलं. इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, बाकी सगळं तिच्यावरच उभं आहे. कॉम्प्युटर भिंतीतून जेवढे वॅट घेतो तेवढी सगळी उष्णता होऊन बाहेर पडते, चित्र दाखवलं आणि गाणं वाजवलं म्हणून त्यातली काही वाचत नाही. पंखा असला की तो ती ढकलून बाहेर काढतो, नसला की डब्याच्या पत्र्यातून जेवढी जाईल तेवढीच. आमचा डबा १३ सेंटिमीटर लांब, तेवढाच रुंद आणि ५ सेंटिमीटर उंच आहे, सगळ्या बाजू धरून पृष्ठभाग साधारण ६०० चौरस सेंटिमीटर. स्थिर हवेत असा पृष्ठभाग, हवेतून आणि किरणांवाटे मिळून, दर चौरस मीटरला दर अंशामागे १० वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. म्हणजे या डब्याने १० वॅट बाहेर टाकायचे तर तो खोलीपेक्षा साधारण १७ अंश जास्त तापणार, आणि २५ वॅट टाकायचे तर ४० अंशांहून जास्त.

आता परदेशातले रिव्ह्यू बघा, ते बहुतेक २१-२२ अंशांच्या खोलीत बसून केलेले असतात, तिथे १० वॅटवाला डबा ३९ अंशांवर थांबतो, हाताला कोमट. आमच्या हॉलमध्ये मे महिन्यात दुपारी भिंतीवरचा थर्मामीटर ३४ दाखवतो. तोच डबा तेव्हा ५१ वर जाणार आणि २५ वॅटवाला ७६ वर, त्याला हात लावता येणार नाही. चिप तर आत असते, ती पत्र्याहून आणखी १५-२० अंश तरी वर. त्यामुळे रिव्ह्यूतल्या तापमानात सरळ १२-१३ अंश मिळवायचे आणि मग ठरवायचं, हे मी आता सगळ्यांना सांगते, ठाण्यात असो की खारघरला.

प्रोसेसरचं नाव बघून फसू नका. इंटेलचा एन१०० हा २०२३ साली आलेला चार कोरचा (कोर म्हणजे चिपमधला हिशोब करणारा भाग) प्रोसेसर घरच्या गाण्या-सिनेमासाठी खरंच उत्तम आहे, कागदावर ६ वॅटचा. पण डबा बनवणारे कित्येकदा बायॉसमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या मूळ सेटिंगमध्ये, विजेची मर्यादा १५ किंवा २० वॅटवर नेऊन ठेवतात म्हणजे टेस्टमध्ये आकडे चांगले दिसतात, आणि आपण समजतो ६ वॅटचं आहे. माझ्या पहिल्या डब्याचं हेच झालं. मेमध्ये रविवारी दुपारी सिनेमा लावला, पाऊण तास बरा चालला आणि मग चित्र अडखळायला लागलं, मला वाटलं नेट गेलं. नेट ठीक होतं, चिप १०० अंशांच्या पुढे गेली होती आणि स्वतःला वाचवायला तिने वेग उतरवला होता. बायॉसमध्ये जाऊन मर्यादा ८ वॅटवर आणली आणि अडखळणं थांबलं. वेग कमी करूनही काम कसं भागतं तर चिपची वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या आणि वेगाच्या पटीत लागते, वेग थोडा उतरवला की व्होल्टेजही उतरवता येतं, त्यामुळे वेग थोडासा जातो आणि उष्णता पुष्कळ जाते. हे सेटिंग बदलता येतं का हे दुकानात विचारून घ्या, सगळ्या डब्यांत ते उघडं नसतं.

व्हिडिओचं मात्र वेगळं आहे, तिथे ताकदीपेक्षा चिपला ती भाषा येते का हे महत्त्वाचं. व्हिडिओ दाबून लहान करायच्या पद्धती असतात, एच.२६४ ही २००३ ची, एचईव्हीसी आणि व्हीपी९ दोन्ही २०१३ च्या, एव्ही१ ही २०१८ ची. चिपमध्ये त्या पद्धतीसाठी वेगळं सर्किट असेल तर फोर-के सिनेमा थोड्या वॅटमध्ये आरामात उलगडतो, नसेल तर तेच काम सगळ्या कोरना जुंपून करावं लागतं आणि बिनपंख्याच्या डब्यात तिथेच सगळं संपतं. एन१०० ला या चारही येतात. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ओळखीतून जुना ऑफिसचा छोटा कॉम्प्युटर स्वस्तात मिळतो तेव्हा हे आधी बघा, इंटेलच्या सहाव्या पिढीला १० बिटचं (जास्त रंगछटांचं) एचईव्हीसी धड झेपत नाही, सातवीला जमतं, आणि एव्ही१ अकरावीपासून. घरात एम१ वाला मॅकबुक एअर असेल तर तो २०२० पासून बिनपंख्याचाच आहे, एव्ही१ चं सर्किट त्यात नाही, पण केबल लावून टीव्हीला जोडला की बाकी सगळं छान चालतं.

नुसतं गाणंच ऐकायचं असेल तर एवढं काहीच नको. सीडीचं गाणं म्हणजे सेकंदाला १४११ किलोबिट, आजच्या कुठल्याही चिपला ते काहीच नाही. रास्पबेरी पाय ४, म्हणजे तळहाताएवढा छोटा कॉम्प्युटर, त्याला ॲल्युमिनियमची जाड केस घाला, झालं. पाय ५ मात्र जास्त तापतो, त्याला बिनपंख्याचा ठेवायचा तर केस चांगली दणकट हवी. गेम खेळायचे असतील तर बिनपंख्याचा नाद सोडा, त्यापेक्षा मोठा, हळू फिरणारा पंखा घ्या, पंख्याचा वेग निम्मा केला की आवाज साधारण १५ डेसिबलने उतरतो आणि १४ सेंटिमीटरचा पंखा मिनिटाला ५०० फेऱ्यांवर फिरत असेल तर तो शोधावा लागतो.

डबा निवडताना वजन बघा, हातात जड लागला पाहिजे, आणि चिपवरून थेट बाहेरच्या कवचाला धातू टेकलेला पाहिजे, मध्ये हवेची फट नको, कारण ॲल्युमिनियममधून उष्णता हवेपेक्षा हजारो पटींनी सहज जाते. रंगाचं फारसं मनावर घेऊ नका, उष्णतेचे किरण डोळ्याला दिसणाऱ्या रंगाचे नसतात, फक्त चकचकीत नागडा धातू नको, अॅनोडाइझ केलेला, म्हणजे वर ऑक्साइडचा थर चढवलेला हवा, तो किरणांनी कितीतरी जास्त उष्णता सोडतो. आणि घरी आणल्यावर टीव्ही युनिटच्या बंद कप्प्यात कोंबू नका. आमचा उभा ठेवलाय, कवचावरच्या उभ्या धातूच्या पट्ट्या वर-खाली जातील असा, गरम हवा त्यांच्यामधून आपोआप वर चढते. सीलिंग फॅनचा वारा लागला तर पत्रा चार-पाच अंश सहज उतरतो, म्हणजे ज्या फॅनची मला तक्रार नाही तोच कामाला येतो.

आमच्या कासारवडवलीत मेट्रोचं काम चालू झाल्यापासून धूळ विचारू नका. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा मी उघडला तेव्हा पात्यांवर करड्या नमद्यासारखा थर होता आणि पावसाळ्याच्या ओलीने तो चिकटून बसला होता, त्याच्या वजनाने पंखा डुगडुगत होता. बिनपंख्याच्या डब्यात हवा ओढली जात नाही, धूळ वरती बसते, फडक्याने पुसली की संपलं. जुलैत मी तो बंद करत नाही, खोलीपेक्षा थोडा गरम राहिला की आतली हवा कोरडी राहते. १० वॅट महिनाभर रात्रंदिवस म्हणजे ७ युनिटच्या वर थोडंसं.

पंखा गेला की दुसरे आवाज वर येतात हे कुणी आधी सांगत नाही. फिरणारी हार्ड डिस्क मिनिटाला ७२०० फेरे म्हणजे १२० हर्ट्झची घुमघुम, लाकडी युनिटवर ठेवली की युनिटच वाजतं, म्हणून डब्यात एसएसडी, म्हणजे न फिरणारी डिस्क, आणि मोठी फिरणारी डिस्क असेल तर दुसऱ्या खोलीत. एसएसडीलाही कवचाला टेकणारं पॅड हवं, बंद डब्यात ती पण तापते. स्वस्त अॅडॉप्टर चिं करतात, आतल्या गुंडाळ्या आणि सिरॅमिक कपॅसिटर विजेच्या ठेक्यावर खरोखर हलत असतात. आणि स्पीकरमधून येणारी घूं, ५० हर्ट्झची आणि तिच्या पटीतली, ती अर्थिंग दोन वाटांनी जोडलं गेलं की येते. आमच्याकडे ती आली तेव्हा बाबांना वाटलं की मी पुन्हा पंखावाला कॉम्प्युटर आणला. ॲम्प्लिफायरला तारेऐवजी ऑप्टिकल केबल लावली, तिच्यातून उजेड जातो, वीज नाही, आणि घूं गेली.

या मेमध्ये रविवारी दुपारी तीनला तोच सिनेमा पुन्हा लावून बघितला, पूर्ण. खोली ३४, पत्रा ४९, चिप ६८. रात्री बाबांनी मालकंस लावला, पेटी काढली नाही.