धुराड्याचे अस्तर

धुराड्याचे अस्तर : लाकडी जळणाच्या चुलीचा, शेगडीचा वा भट्टीचा धूर ज्या नळीतून वर जातो, तिच्या आतले संरक्षक आवरण. ते तडकले वा गळू लागले की नवे बसवावे लागते. धुराडे व धुरांडे ही दोन्ही रूपे रूढ आहेत. ‘धूर’ हा शब्द ‘धूम’ व ‘धूम्र’ या दोन्हींशी जोडता येतो. रकार पाहता ‘धूम्र’ अधिक सयुक्तिक वाटतो.

सोलापूरकडील माळवदाच्या घरांत धुराडे सहसा नसे. धूर छतातल्या सवण्यातून, म्हणजे झरोक्यातून, जाई. विटांची उंच धुराडी शहरात आली ती बहुधा कापडगिरण्यांबरोबर, म्हणजे १८७०च्या दशकातील ‘जुन्या गिरणी’पासून. इंग्लंडात पूर्वी धुराड्याला आतून चुना व गाईचे शेण यांचा गिलावा करीत. दख्खनेतील शेणमातीच्या लिंपणाशी याचे साम्य आहे, परंतु तेवढ्यावरून उसनवारी ठरत नाही. शेणातील तंतू तडे आवरतात, हा अनुभव दोन्हीकडे स्वतंत्रपणे आला असावा.

अस्तर बिघडण्याचे मुख्य कारण ओले जळण. धूर सुमारे १२०° से.च्या खाली निवला की वाफ व डांबरी द्रव्ये नळीच्या भिंतीवर धरतात. हे कीट चुन्याचे सांधे खाते. पेटले तर आतील तापमान १,०००° से.च्या वर जाऊ शकते. सोलापूरची काळी माती ओलीने फुगते व उन्हाळ्यात आकसते. पाया तीवर असल्यास भिंतीबरोबर धुराडेही तडकते.

नवे अस्तर घालण्यापूर्वी कीट पूर्ण खरवडावे लागते. भाजक्या मातीच्या नळ्या बसवताना प्रत्येक नळीचे रुंद तोंड वर ठेवतात. नवख्या गवंड्याला हे उलटे वाटते, पण त्यामुळेच ओघळणारे कीट सांध्यातून बाहेर न जाता नळीतच राहते. दुसरा मार्ग लवचीक पोलादी नळीचा. लाकडासाठी मॉलिब्डेनमयुक्त ३१६ प्रतीचे स्टेनलेस स्टील वापरतात. तिच्याभोवती व्हर्मिक्युलाइट हे उष्णतारोधक खनिज भरल्यास धूर लवकर निवत नाही. तिसऱ्या पद्धतीत फुगवलेल्या रबरी नळीभोवती उष्णतारोधक काँक्रीट ओततात व ते घट्ट झाल्यावर नळी काढून घेतात. शेवटी धूर सोडून गळती तपासतात.

जस्ती पत्र्याची नळी अस्तर म्हणून चालत नाही. जस्त सुमारे ४२०° से.ला वितळते. ॲस्बेस्टॉस-सिमेंटचा पाइप तापून फुटण्याचा धोका असतो.