बागेतलं औषध अंगणात किती येतं? हवा तपासून घ्यायच्या आधी हे वाचा

ऑक्टोबर छाटणी झाली की आमचे फोन वाजायला लागतात. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव, जिथे बंगल्याच्या कंपाउंडला खेटून द्राक्षबाग आहे तिथून. प्रश्न एकच, रात्री बागेत कीटकनाशक फवारायचा ब्लोअर फिरला, सकाळपासून पोराचे डोळे चुरचुरतायत, हवेत औषध आहे का बघता का? बघतो ना, तेच काम आहे आपलं, पण आधी थोडं समजून घ्या म्हणजे पैसे वाया जाणार नाहीत.

मोबाइलवरचा एक्यूआय, म्हणजे हवेच्या दर्जाचा आकडा, हिरवा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. त्यात 8 गोष्टी धरतात, धूळ, ओझोन, अमोनिया वगैरे. शेतीचं औषध त्यात नाहीच. 2009 च्या राष्ट्रीय मानकांत 12 प्रदूषकं आहेत, त्यातही एकही कीटकनाशक नाही, म्हणून आमच्या रिपोर्टवर पास-नापासचा शिक्का मिळत नाही. कोणी देत असेल तर कुठल्या मर्यादेवर दिला ते विचारा त्याला.

वासावर पण जाऊ नका. काही औषधांना उग्र वास असतो आणि काहींना जवळजवळ नसतोच. शिवाय ब्लोअर बंद झाला म्हणजे संपलं असं नसतं, पानावरून, मातीवरून औषध नंतरही उडत राहतं, ऊन पडलं की जास्त. आणि थंडीत पहाटे वारा पडलेला असतो, गार हवा जमिनीला चिकटून बसते, तेव्हा मारलेल्या फवाऱ्याचे बारीक थेंब वर जातच नाहीत, तिथेच तरंगत हळूहळू तुमच्या ओट्यावर येतात.

आम्ही काय करतो, तर एक छोटा पंप लावतो, फिशटँकच्या मोटरइतकाच आवाज. समोर काचेची नळी, तिच्यात फोम आणि रेझिनचे दाणे, वाफ त्यात अडकते, पुढच्या फिल्टरवर थेंब नि धूळ. मिनिटाला 4 लिटर धरलं तर 24 तासांत पावणेसहा घनमीटरच्या आसपास हवा जाते. नळी बर्फात घालून लॅबला, तिथे मशीनवर औषधं ओळखतात. आकडा नॅनोग्रॅममध्ये येतो, म्हणजे ग्रॅमचा 100 कोटीवा भाग, त्यामुळे मोठा आकडा बघून लगेच घाबरायचं नाही. समजा एखादं औषध घनमीटरला 100 नॅनोग्रॅम निघालं. मोठा माणूस दिवसाला 15 घनमीटरच्या आसपास हवा घेतो, 60 किलोचा असेल तर किलोमागे 25 पडले. वर्षाचं 10 किलोचं बाळ 6 घनमीटर घेतं असं धरा, किलोमागे 60. त्याच अंगणात, त्याच दिवशी. म्हणून घरात कोण कोण आहे ते आम्ही आधीच विचारतो.

आमची एक चूक सांगतो. सुरुवातीला एका घरी पंप पडवीत ठेवला, रिपोर्टमध्ये अ‍ॅलेथ्रिन हे कीटकनाशक भरपूर, बागवाला बिचारा शपथा घेत होता की मी हे मारलंच नाही. नंतर कळलं, आजी रोज संध्याकाळी पंपाच्या शेजारीच डासांची कॉइल लावायच्या! तेव्हापासून पंप मोकळ्यावर, छातीच्या उंचीला, आणि त्या दिवशी कॉइल बंद.

फवारणीच्या आधी एक दिवस, फवारणीचा दिवस आणि नंतरचे दोन, एवढे नमुने घेतले तरच अर्थ आहे, एकाच नमुन्यावर भांडण काढू नका. बागवाल्याशी गोडीत बोलून औषधांची नावं मागून घ्या, कारण मॅन्कोझेब, ग्लायफोसेट, पॅराक्वाट नेहमीच्या टेस्टमध्ये दिसत नाहीत, त्यांना वेगळी पद्धत लागते. आणि 'आढळलं नाही' म्हणजे शून्य नव्हे, मशीनच्या मर्यादेखाली एवढंच.

2017 ला यवतमाळला 20 च्या वर माणसं गेली ते बरेच जण आम्हाला ऐकवतात. ती कपाशीवर स्वतः फवारणारी माणसं होती, डोक्याएवढ्या पिकात शिरून, अंगावर औषध घेत. ओट्यावर बसलेल्याला मिळणारा डोस तसा नसतो, दोन्ही एकत्र करू नका. पण ऑर्गॅनोफॉस्फेट या कीटकनाशकांच्या गटाच्या विषबाधेची लक्षणं पाठच ठेवा: डोळ्याची बाहुली बारीक, लाळ, घाम, उलटी, छाती आवळणं, स्नायू फडफडणं. असं काही दिसलं तर रिपोर्टची वाट बघत बसू नका, आम्हाला फोनही नको, कपडे बदला, साबणाने अंग धुवा, मुद्दाम उलटी काढू नका आणि डब्याचं लेबल घेऊन थेट दवाखाना, लेबलवरून डॉक्टरांना उतारा ठरवता येतो. ऑर्गॅनोफॉस्फेट रक्तातलं कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम बंद पाडतं, म्हणून डॉक्टर ते तपासायला सांगतात.

बुकिंग करताना बागेची दिशा, घरापासूनचं अंतर आणि फवारणीची तारीख सांगा. तारीख ऐन वेळी बदलली तरी चालेल, द्राक्षवाल्यांचं पावसावर असतं हे आम्हालाही माहितीये, फक्त आदल्या रात्री एक मेसेज टाका.