कौटुंबिक खानावळ (मराठवाडा)

कौटुंबिक खानावळ म्हणजे घरातल्या माणसांच्या श्रमावर आणि मालकीवर चालणारा, एका पिढीकडून पुढच्या पिढीकडे जाणारा जेवणाचा धंदा. मराठवाड्यात ती बहुधा मोंढ्याच्या (धान्यबाजाराच्या) तोंडाशी, एसटी स्टँडसमोर किंवा देवस्थानाच्या वाटेवर सुरू झालेली दिसते. पहिल्या पिढीत चूल, दोन बाकडी आणि घरची बाई. दुसरीत आचारी, वाढपी आणि फॅमिली रूम. तिसरीत हायवेवरची शाखा, पार्सल आणि मसाल्याची पाकिटे, असा तिचा साधारण क्रम असतो. गिऱ्हाईक असूनही खानावळ मोडते, तेव्हा चव एकाच हातात, हिशेब एकाच डोक्यात आणि मालकीचा कागद कुठेच नाही, अशी स्थिती असते. या तिन्ही गोष्टी वेळेवर दुसऱ्याच्या हाती देता येणे, हीच तिची खरी वाढ.

गिऱ्हाईक आणि हंगाम

मोंढ्यावर माल घेऊन येणारा शेतकरी आणि हमाल हे जुने गिऱ्हाईक. त्याला पोटभर भाकरी, झणझणीत रस्सा आणि ठेचा लागतो. तुळजापूर, परळी, औंढा नागनाथ, वेरूळ आणि नांदेडचा गुरुद्वारा यांच्या वाटेवरच्या खानावळी यात्रेकरूंवर चालतात. वाळूज, चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतींनी डब्याचे गिऱ्हाईक दिले, तर लातूरच्या शिकवण्यांनी मेसचे. मेसमध्ये पैसे महिन्याच्या सुरुवातीला मिळतात, त्यामुळे भांडवल कमी लागते. मात्र खाड्यांचा नियम पहिल्या दिवशीच लिहून द्यावा लागतो. सलग किती दिवसांचे खाडे वजा होतील आणि आदल्या दिवशी किती वाजेपर्यंत कळवायचे, हे ठरले नाही तर अन्न वाया जाते आणि वाद वाढतात. मे महिन्यात परीक्षा संपल्या की मेस रिकामी होते. ते दोन महिने भाडे आणि पगार भागतील एवढी शिल्लक आधीच बाजूला हवी. मटणाच्या खानावळीला असाच पडता काळ श्रावणात येतो. जाणते मालक भट्टीची दुरुस्ती, रंगकाम आणि कामगारांच्या सुट्ट्या तेव्हाच उरकतात.

छत्रपती संभाजीनगरातील नान-खलियाच्या (भट्टीतली रोटी आणि मटणाचा रस्सा) घराण्यांची रचना थोडी निराळी आहे. नानची भट्टी आणि खलियाची देग (मोठे पातेले) ही दोन वेगळी कौशल्ये आहेत, आणि ती बहुधा दोन वेगळ्या घरांत टिकली आहेत.

तवा

भाकरीच्या खानावळीची क्षमता खुर्च्यांवर नव्हे, तव्यांवर मोजावी. एक किलो ज्वारीच्या पिठाच्या साधारण 9 ते 10 मोठ्या भाकरी होतात, आणि सरावाची बाई एका तव्यावर तासाला 25 ते 30 भाकरी काढते. दुपारच्या अडीच तासांत 200 माणसे जेवणार आणि प्रत्येकी दोन भाकरी धरल्या, तर 400 भाकऱ्यांना किमान सहा तवे आणि सहा बायका लागतात. दुसरी पिढी इथेच फसते. हॉल दुप्पट होतो, तवे तेवढेच राहतात. मग भाकऱ्या आधी करून टोपलीत दडपल्या जातात, वाफेने ओलसर होतात आणि गिऱ्हाईक पोळी मागू लागते.

पीठ हा दुसरा मुद्दा. दळून बरेच दिवस झालेल्या पिठाची विरी (चिकटपणा) जाते, भाकरी थापताना कडेला चिरते. गरम पाण्याने उकड काढून वेळ मारून नेता येते, पण रोजच्या धंद्यात चार-पाच दिवसांपुरतेच दळण आणणे बरे. ज्वारी मात्र रब्बीचा शाळू बाजारात आला की वर्षाची भरून ठेवावी. आडत्याकडे सुगीत रोख पैसे देणाऱ्याला जो माल आणि दर मिळतो, तो पावसाळ्यात उधारीवर घेणाऱ्याला मिळत नाही.

मसाला

खानावळीची ओळख काळ्या मसाल्यात असते, आणि पिढी बदलताना सर्वांत आधी तोच बिघडतो. एक किलो धन्याला 300 ग्राम सुके खोबरे, 200 ग्राम तीळ, 100 ग्राम जिरे, 50 ग्राम दगडफूल, 50 ग्राम दालचिनी, प्रत्येकी 40 ग्राम लवंग आणि मिरे, शिवाय तमालपत्र, शहाजिरे, मसाला वेलची, हळद, हिंग आणि तिखटाच्या बेताने मिरची, हे एक चालणारे प्रमाण आहे. घरोघरी ते बदलते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा. खोबरे गडद तपकिरी होईपर्यंत न्यायचे. ते जळून कोळसा झाले तर सगळा मसाला कडवट होतो. भाजलेले जिन्नस पूर्ण गार झाल्याशिवाय कांडपाला देऊ नयेत. गरम कुटलेल्या मसाल्यात वाफ अडकते, गुठळ्या होतात आणि पावसाळ्यात बुरशी धरते.

घरात उन्हाळ्यात वर्षाचा मसाला एकदाच करतात. खानावळीच्या प्रमाणावर ही रीत अडचणीची ठरते, कारण खोबऱ्या-तिळाचे तेल काही महिन्यांत खवट होते. कोरडे जिन्नस उन्हाळ्यात कुटून हवाबंद डब्यांत ठेवावेत आणि खोबरे-तीळ दर महिन्याला लागेल तेवढे भाजून त्यात मिसळावेत. ही एक सुधारणा केली तरी दिवाळीनंतर रस्सा बदलला ही तक्रार थांबते.

सासूचा हात सुनेला किंवा आचाऱ्याला द्यायचा, तर वजनकाटा लागतोच. पद्धत सोपी आहे: जुन्या माणसाला नेहमीसारखे मुठीने घालू द्यावे, पण प्रत्येक भांडे आधी आणि नंतर तोलावे. असे आठ-दहा दिवस केले की सरासरी हाती येते आणि घाण्याचे, म्हणजे एका वेळी शिजवायच्या मापाचे, कार्ड तयार होते. उदाहरणार्थ, 10 किलो मटणाला 4 किलो कांदा, 1 किलो खोबरे, 600 ग्राम आले-लसूण वाटण, 400 ग्राम काळा मसाला, सव्वा लिटर तेल, 12 लिटर पाणी, 280 ग्राम मीठ. घाणा मोठा केला की नुसता गुणाकार चालत नाही. मोठ्या पातेल्यात त्या मानाने पाणी कमी आटते, म्हणून ते किलोमागे कमी घालावे. कांदा एकदम परतायला घेतला तर पाणी सुटून शिजतो, भाजला जात नाही, आणि तर्री फिकी पडते. तो चार-पाच किलोच्या घाण्यांत वेगळा परतावा.

गल्ला

पहिल्या पिढीत गल्ला आणि घर एकच असते. दूध, मुलांची फी, लग्नाचा आहेर सगळे त्याच पेटीतून जाते. समजा रोजचा गल्ला 25,000 रुपये आहे. किराणा, भाजी आणि मटण 11,000, गॅस आणि लाकूड 1,500, मजुरी 5,000, वीज, पाणी आणि किरकोळ 2,500; शिल्लक 5,000 दिसते. पण घरची चार माणसे दिवसभर राबतात. त्यांची प्रत्येकी 800 रुपये मजुरी धरली तर 1,800 उरतात, आणि स्वतःच्या जागेचे 1,000 रुपये भाडे धरले तर 800. दुसऱ्या शाखेचा निर्णय या 800 कडे बघून घ्यायचा असतो, कारण तिथे भाडेही द्यावे लागणार आणि घरच्यांच्या जागी पगारी माणसेही ठेवावी लागणार. म्हणून काम करणाऱ्या प्रत्येक घरच्या माणसाला, सुनांनाही, ठरलेला मासिक पगार सुरू करणे ही वाढीची पहिली पायरी आहे. भाकऱ्या थापणाऱ्या बाईची मजुरी हिशेबात न धरणे हा या धंद्यातला सर्वांत जुना अन्याय आहे आणि सर्वांत महाग चूकही.

शाखा आणि पाणी

गल्ल्यावर बसायला घरचे विश्वासू माणूस जितके, तितक्याच शाखा नीट चालतात. बिलिंग मशीन आणि कॅमेऱ्याने ही मर्यादा थोडी सैल होते, सुटत नाही. मसाला आणि वाटण एकाच ठिकाणी करून शाखांना वजनाने द्यावे, भाकरी आणि फोडणी मात्र जागेवरच. अन्न परवाना प्रत्येक जागेसाठी स्वतंत्र लागतो.

मराठवाड्यात जागा बघताना पाणी आधी बघावे. एप्रिल 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. बोअर मे महिन्यात किती वेळ चालतो, टँकर कुठून येतो आणि हौदात किती दिवसांचे पाणी मावते, हे न विचारता केलेला भाडेकरार उन्हाळ्यातला सगळा नफा टँकरवाल्याला देतो.

वाटणी

वडील हयात असताना एकट्याच्या नावावरचा धंदा भागीदारीत आणणे सोयीचे. 1932 च्या भागीदारी कायद्यानुसार, करारात वेगळे ठरलेले नसेल तर भागीदाराच्या मृत्यूने भागीदारी विसर्जित होते, त्यामुळे वारस कसा येईल हे कलम घालावेच. दोघेच भागीदार असतील तर एकाच्या मृत्यूनंतर भागीदारी उरत नाही. भागीदारी नोंदवलेली नसेल तर करारातल्या हक्कांसाठी दावा लावता येत नाही. परवानाधारक वारला तर अन्न परवाना वारसांसाठी 90 दिवस चालू राहतो. तेवढ्यात नाव बदलण्याचा अर्ज करावा. वडिलोपार्जित एकत्र मालमत्तेत मुलींना हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीने मुलांएवढाच हक्क आहे. खानावळीची जागा तशी असेल तर बहिणींना वगळून भावाभावांत केलेली वाटणी पुढे कोर्टात अडकते.

सर्वांत जास्त भांडण पाटीवरून होते. भाऊ वेगळे झाले की एकाच रस्त्यावर ‘जुनी’, ‘मूळ’ आणि ‘खरी’ अशा पाट्या लागतात आणि गिऱ्हाईक तिघांवरचाही विश्वास गमावते. नाव एकत्र असतानाच व्यापारचिन्ह म्हणून नोंदवावे. नोंदणी 10 वर्षांची असते आणि नूतनीकरण करता येते. खाद्यगृहासाठी वर्ग 43 आणि पाकीटबंद मसाल्यासाठी वर्ग 30, असे दोन्ही अर्ज करावेत. देवाच्या किंवा नुसत्या आडनावाच्या पाटीवर एकट्याचा हक्क सिद्ध करणे अवघड असते, म्हणून नावासोबत वेगळे बोधचिन्हही नोंदवणे चांगले. वाटणीपत्रात नाव कोणाकडे राहील, दुसऱ्याला ते गावाचे नाव जोडून वापरता येईल का, मसाला कोण करील आणि इतरांना कोणत्या दराने देईल, हे किलोमागच्या रुपयांपर्यंत लिहावे.