गळीत हंगामात दुचाकी चालवताना : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

सन्माननीय ग्राहक,

सातारा, सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांत दिवाळीच्या आसपास साखर कारखान्यांची धुराडी पेटली की पुढचे काही महिने रस्त्यांची रात्रीची वाहतूक पार बदलून जाते. गाडी सर्व्हिसिंगला देताना आपण मायलेज आणि पिकअपची चौकशी आवर्जून करता. परंतु दिव्याच्या उजेडात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्या अंतरात आपली गाडी थांबते का, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. आमच्या मते हंगामातील रात्रीच्या प्रवासात सर्वांत महत्त्वाचा प्रश्न तोच आहे.

समोर अडथळा दिसल्यापासून ब्रेकवर हात जाईपर्यंत साधारण एक सेकंद जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी तेवढ्या वेळात सुमारे १७ मीटर पुढे गेलेली असते आणि ब्रेक लागण्यास त्यानंतर सुरुवात होते. कोरडा रस्ता, चांगले टायर आणि सराईत हात गृहीत धरले तरी गाडी पूर्ण थांबेपर्यंत ताशी ४० च्या वेगाला अंदाजे २२ मीटर, ६० ला ४० मीटरहून अधिक आणि ८० ला ६५ मीटरच्या आसपास अंतर लागते. वेग दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचे अंतर चौपट होते, आणि डिपरचा, म्हणजे खाली झुकवलेल्या दिव्याचा, उजेड मात्र आहे तेवढाच राहतो.

या हिशेबात उसाची ट्रॉली आणून पाहावी. एका ट्रॅक्टरला बहुधा दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, त्यांचा वेग अगदी कमी असतो, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा नसणे ही दुर्दैवाने नवलाची गोष्ट राहिलेली नाही. रिफ्लेक्टर लावलेला असला तरी उसाचे वाढे मागून खाली लोंबत असल्याने तो पुष्कळदा झाकला जातो, आणि धुळीने माखलेला असेल तर उजेड परत फेकत नाही. पुढे एखादा काळा, हलता ठिपका दिसतो आहे असे वाटेपर्यंत आपण ट्रॉलीजवळ पोहोचलेले असतो. समोरून येणाऱ्या गाडीचा प्रखर दिवा डोळ्यांवर आला असेल, तर तो ठिपकाही दिसत नाही. अशा वेळी पुढचा रस्ता मोकळाच असेल असे मानून वेग कायम ठेवू नये, ॲक्सिलरेटर तत्काळ सोडावा.

पंक्चर झालेल्या ट्रॉलीच्या चाकांना लावलेले दगड ट्रॅक्टर निघून गेल्यावर रस्त्यातच पडून राहतात, हेही लक्षात ठेवावे. कारखान्याच्या गाडीतळाजवळच्या (उसाच्या गाड्या थांबतात त्या जागेजवळच्या) वळणांवर सांडलेला ऊस, पाचट आणि टँकरमधून गळालेली मळी यांवर पुढचे चाक सहज घसरते, म्हणून तेथे वळण्याच्या आधीच वेग कमी करावा आणि वळणात ब्रेक दाबणे टाळावे.

दिव्याची पातळी हा आमच्या कामातला दुर्लक्षित भाग आहे. एकट्याने चालवताना बरोबर वाटणारा डिपर मागे माणूस बसला की वर उचलला जातो, कारण मागचे शॉकॲब्सॉर्बर दबतात आणि गाडीचे नाक वर येते. मग उजेड रस्त्याऐवजी समोरच्याच्या डोळ्यांत जातो. १ एप्रिल २०१७ पासूनच्या नव्या दुचाकींचा दिवा इंजिनसोबत आपोआप चालू राहतो. तो बंद करण्यासाठी वेगळे बटण बसवून मागू नये, आम्ही ते बसवत नाही. चरे पडलेली हेल्मेटची काचही उजेड फोडून पसरवते, ती बदलण्याचा खर्च फारसा नसतो.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी उलटते, हा समज आजही अनेक ग्राहकांच्या मनात पक्का आहे. वस्तुतः गाडी थांबताना वजन पुढच्या चाकावर येते आणि थांबवण्याचे बहुतेक काम तेच चाक करते. नुसत्या मागच्या ब्रेकवर भिस्त ठेवणाऱ्याची गाडी उशिरा थांबते आणि मागून घसरते. हँडल सरळ असताना दोन्ही ब्रेक एकत्र, दाब क्रमाने वाढवत लावावेत. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस आणि त्याखालील गाड्यांना किमान सीबीएस बंधनकारक झाले. एबीएस चाक जाम होऊ देत नाही. सीबीएसमध्ये मागचा ब्रेक दाबला की पुढचाही काही प्रमाणात लागतो, मात्र चाक जाम होण्यापासून ते वाचवत नाही. आपल्या गाडीत यांपैकी काय आहे, हे आम्हांला विचारून घ्यावे.

टायरच्या खाचांमध्ये झीज दाखवणारे लहान उंचवटे असतात. रबर त्यांच्या पातळीला आले की टायर बदलावा. हवेचा दाब चेनकव्हरजवळच्या पट्टीवर किंवा पुस्तिकेत पाहावा, कारण दोघांसाठीचा आकडा वेगळा असतो.

हेल्मेट आयएस ४१५१ या मानकाचे आणि आयएसआय चिन्ह असलेले घ्यावे, पट्टा हनुवटीखाली आवळावा, आणि जोराचा आघात बसलेले हेल्मेट वरून धड दिसले तरी पुन्हा वापरू नये. आतला थर एकदा दबला की पुन्हा धक्का झेलत नाही. मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट हवेच. तरुण ग्राहक गाडी आकर्षक दिसावी म्हणून साडीगार्ड काढण्यास सांगतात. नियमानुसार मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकलेला असावा लागतो. त्याच घरातली आई किंवा बहीण पदर सांभाळत त्याच गाडीवर बसणार असते, याचा त्यांना विसर पडतो, आणि म्हणून हे काम आम्ही नाकारतो. पदर किंवा ओढणी बसण्याआधीच खोचून घ्यावी.

अपघात दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. बेशुद्ध व्यक्तीचा श्वास अडत नसेल तर तिचे हेल्मेट ओढून काढू नये. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४-अ नुसार सद्‌भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी अथवा फौजदारी जबाबदारी येत नाही, त्यामुळे पोलिसांच्या चौकशीच्या भीतीने थांबण्याचे टाळू नये.

हंगाम संपेपर्यंत दिव्याची पातळी आम्ही विनामूल्य लावून देऊ. त्यासाठी अंधार पडल्यावर यावे आणि एरवी मागे बसणाऱ्या व्यक्तीला सोबत आणावे. त्यांना गाडीवर बसवल्याशिवाय स्क्रू नेमका किती फिरवायचा, ते समजत नाही.