गाडी सुरू न होणे (दोषशोध)

किल्ली फिरवूनही मोटारीचे इंजिन चालू होत नसेल, तर दोष कुठे आहे हे क्रमाने शोधण्याची रीत. गॅरेजच्या बोलीत या तक्रारीची दोन रूपे आहेत : ‘सेल्फ घेत नाही’ आणि ‘सेल्फ घेते, पण स्टार्ट होत नाही’. पहिल्यात इंजिन फिरतच नाही. दुसऱ्यात ते फिरते, पण पेट घेत नाही. दोन्हींची कारणे बहुतेक वेगवेगळी असतात, म्हणून हात लावण्याआधी कान द्यावा. मेकॅनिकला फोनवर एवढे जरी नेमके सांगितले, तरी येताना काय आणायचे हे त्याला कळते.

सेल्फ म्हणजे इंजिनाला पहिले फेरे देणारी विजेची मोटर. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आला. त्याआधी समोरून हँडल घालून इंजिन फिरवावे लागे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला की हात मोडायचीही वेळ येई. भारतात अँबॅसडरसोबत असे हँडल पुढेही बराच काळ मिळत असे. बॅटरी उतरली तरी ती गाडी अडून बसत नसे. आजच्या गाड्यांत ही सोय नाही, त्यामुळे सगळी भिस्त बॅटरीवर आली.

‘दिवे लागतात, म्हणजे बॅटरी चांगली आहे’ हा सर्वांत मोठा गैरसमज. एका हेडलाइटच्या साध्या बल्बला पाचेक अँपिअर पुरतात. लहान पेट्रोल गाडीचा सेल्फसुद्धा शंभराहून जास्त ओढतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीच्या बारा व्होल्टच्या बॅटरीवर मल्टिमीटर (व्होल्ट मोजण्याचे यंत्र) १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवत असेल तर बॅटरी भरलेली आहे, १२ च्या खाली असेल तर जवळपास रिकामी. सेल्फ मारताना आकडा दहाच्या बराच खाली गेला, तर बॅटरी कमजोर आहे किंवा उतरली आहे.

मीटर नसेल तर हेडलाइट लावून सेल्फ मारावा. दिवे एकदम मंदावले किंवा विझले आणि टक-टक-टक असा आवाज आला, तर बॅटरी उतरली आहे किंवा टर्मिनल (बॅटरीचा खुंट आणि केबल यांची जोडणी) सैल आहे. दिवे प्रखर राहिले आणि एकच ‘टक्’ झाले किंवा काहीच झाले नाही, तर प्रवाह मोटरपर्यंत पोचत नाही किंवा मोटरच बिघडली आहे : सोलेनॉइड (मोटरला जोरदार प्रवाह जोडणारा चुंबकी स्विच), रिले (लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू करणारा स्विच), फ्यूज, मोटरमधले घासलेले कार्बन (फिरत्या भागाला वीज पोचवणारे तुकडे). ऑटोमॅटिक गाडीत गिअर ‘पी’ (पार्क) किंवा ‘एन’ (न्यूट्रल) वर नसेल तरी सेल्फ लागत नाही, आणि कित्येक मॅन्युअल गाड्यांत क्लच पूर्ण दाबावाच लागतो.

नवी बॅटरी विकत घेण्याआधी टर्मिनल पाहावे, असे आग्रहाने सांगावेसे वाटते. शिशाच्या खुंटाभोवती पांढरट-हिरवट भुकटी साचते. क्लॅम्प धरून हलकेच पिळल्यावर तो फिरला, तर दोष बहुधा तिथेच असतो. गाडी बंद ठेवून आधी निगेटिव्ह केबल सुटी करावी, खाण्याच्या सोड्याचे पाणी लावून भुकटी घालवावी, खुंट कोरडा करून घासावा आणि क्लॅम्प घट्ट आवळावा. एवढ्यावर सुरू झालेल्या गाड्या थोड्या नाहीत.

उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीची वीज देणारी जंपर केबल लावताना क्रम महत्त्वाचा. लाल केबल आधी उतरलेल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला, मग चांगल्या बॅटरीच्या पॉझिटिव्हला. काळी चांगल्या बॅटरीच्या निगेटिव्हला, आणि तिचे शेवटचे टोक बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. शेवटच्या जोडणीला ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो, म्हणून हे अंतर. सुरू झाल्यावर टर्मिनलवर १४ च्या आसपास व्होल्ट मिळत नसतील, तर आल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी भरणारे जनित्र) तपासावा. धक्का मारून सुरू करणे मॅन्युअल गाडीतच जमते : किल्ली ऑन, दुसरा गिअर, क्लच दाबलेला, वेग आला की क्लच सोडायचा.

सेल्फ जोमाने फिरतो पण इंजिन धरत नाही, तेव्हा इंधन किंवा ठिणगी यांपैकी एक कमी असते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत किल्ली ऑन करताच बहुधा मागच्या सीटखालून इंधन पंपाची दोनेक सेकंदांची घूं ऐकू येते. ती नसेल तर पंपाचा फ्यूज आणि रिले पाहावा. डॅशबोर्डवर किल्लीचा दिवा लुकलुकत असेल तर इमोबिलायझरने (ओळखीच्या किल्लीशिवाय इंजिन चालू होऊ न देणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेने) किल्ली ओळखलेली नाही. दुसरी किल्ली वापरून पाहावी. डिझेलची टाकी पूर्ण रिकामी झाली असेल, तर अनेकदा नुसते डिझेल भरून भागत नाही. इंधनाच्या नळीत अडकलेली हवा काढावी लागते. महिनाभर उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी कुरतडलेल्या वायरी सापडतात, पावसाळ्यात तर हमखास. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त सेल्फ मारू नये. मध्ये अर्धा मिनिट तरी थांबावे.

पुरात बुडालेल्या गाडीला मात्र सेल्फ मारूच नये. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. पाणी हवेसारखे दाबले जात नाही. ते सिलिंडरमध्ये शिरले असताना इंजिन फिरवले तर कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकतो, आणि जे काम पाणी काढून, तेल बदलून निभावले असते ते इंजिन उघडण्यावर जाते. अशी गाडी बॅटरीची जोडणी काढून, टो करूनच न्यावी.