रेस्क्यू डॉन

वर्नर हेरझॉग या जर्मन दिग्दर्शकाचा २००६ सालचा इंग्रजी युद्धपट. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लाओसमध्ये पाडलेल्या विमानाचा वैमानिक, त्याची कैद, पलायन आणि जंगलात काढलेले सुमारे तीन आठवडे, एवढाच त्याचा विषय. अमेरिकी नौदलातील डीटर डेंग्लर याच्या खऱ्या अनुभवावर तो बेतला आहे. डेंग्लर झाला आहे ख्रिश्चन बेल. स्टीव्ह झान आणि जेरेमी डेव्हिस हे सहकैदी. चित्रीकरण थायलंडमध्ये झाले.

डेंग्लर १९३८ साली जर्मनीतल्या विल्डबर्ग गावी जन्मला. दुसऱ्या महायुद्धात दोस्तांची विमाने गावावर तुटून पडली, तेव्हा एक विमान घराच्या खिडकीलगतून गेले आणि आत बसलेला वैमानिक त्या पोराने डोळ्यांनी पाहिला. गाव जाळणाऱ्या त्या विमानांनीच त्याला उडण्याचे वेड लावले. वयाच्या अठराव्या वर्षी तो अमेरिकेला गेला, आधी हवाई दलात आणि मग नौदलात शिरला. १ फेब्रुवारी १९६६ रोजी ‘रेंजर’ या विमानवाहू नौकेवरून निघालेले त्याचे स्कायरेडर विमान लाओसवर पडले. १९६२च्या जिनिव्हा करारानुसार हा देश तटस्थ. म्हणून तिथली बाँबफेक गुपचूप चाललेली. पाथेट लाओ या तिथल्या कम्युनिस्ट संघटनेच्या सैनिकांनी त्याला पकडले.

छावणीतले प्रसंग हा चित्रपटाचा प्राण आहे. रात्री कैद्यांचे पाय लाकडी खोड्यात, हातांत बेड्या. डीटर एका खिळ्याने बेडी उघडायला शिकतो. पण छावणीत खरा अंमल भुकेचा आहे: पहारेकऱ्यांनाही पोटभर मिळत नाही, आणि कैदी ताटातल्या वळवळत्या अळ्या खातात. बेलने या भूमिकेसाठी सुमारे २५ किलो वजन उतरवले. गमावलेले वजन पुन्हा भरत जाईल तसे चित्रण करता यावे म्हणून हेरझॉगने शेवटाकडचे प्रसंग आधी घेतले. त्यामुळे पडद्यावरच्या त्या बरगड्या खऱ्या आहेत.

२९ जून १९६६ रोजी पहारेकरी जेवायला बसलेले पाहून कैद्यांनी त्यांच्या बंदुका हस्तगत केल्या. डेंग्लर आणि हेलिकॉप्टर वैमानिक ड्वेन मार्टिन एकत्र निघाले. ऐन पावसाळा, अंगाला जळवा, आणि दोघांत मिळून बुटाचा एकच तळवा. तो पायाला बांधून आळीपाळीने चालायचे. पुढे एका गावकऱ्याने कोयत्याने मार्टिनला मारले. २० जुलैला पॅराशूटच्या तुकड्याने खुणा करणारा डेंग्लर वरून जाणाऱ्या एका वैमानिकाला दिसला. तेव्हा त्याचे वजन उरले होते जेमतेम ४४ किलो.

हेरझॉगने १९९७ साली याच माणसावर ‘लिटल डीटर नीड्स टु फ्लाय’ हा माहितीपट केला होता. त्यात डेंग्लर आपल्या घराच्या जमिनीखाली साठवलेले धान्य आणि मध दाखवतो. पुन्हा कधी उपाशी राहायची वेळ येऊ नये म्हणून केलेली ही बेगमी. भुकेचे भय माणसात किती खोल उतरते हे सांगायला कथापटातला कुठलाही प्रसंग या दृश्याची बरोबरी करत नाही.

कथापटाचा सर्वांत गंभीर दोष जीन डिब्रुइनच्या चित्रणात आहे. एअर अमेरिका या विमान कंपनीचा कर्मचारी असलेला हा सहकैदी पडद्यावर भ्रमिष्ट, घाबरट आणि सुटकेच्या बेतात मोडता घालणारा दिसतो. डिब्रुइनच्या भावाने आणि त्याच छावणीत राहिलेला थाई कैदी पिसिधी इंद्रदत याने या चित्रणाला जाहीर विरोध केला. त्यांच्या सांगण्यानुसार डिब्रुइन आपल्या वाट्याचे अन्न इतरांना देत असे, सोबत्यांना इंग्रजी शिकवत असे. नाट्यासाठी खऱ्या घटनेत फेरफार करण्याचा हक्क दिग्दर्शकाला असतो, हे मान्य. पण पात्राला खऱ्या माणसाचे नाव ठेवून त्याचे शील बदलणे हा अन्याय आहे. डेंग्लर २००१ मध्येच वारला होता, त्यामुळे चित्रपट पाहून तो काही सांगू शकला नाही. पिसिधी पुन्हा पकडला जाऊन जानेवारी १९६७ मध्ये सुटला. डिब्रुइन लाओसहून परत आलाच नाही.